टेबलावरचा जुना कागद : संदर्भ विभागातल्या एका चुकीचा प्रकरण अभ्यास

एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकाच आठवड्यात एकच प्रश्न तीनदा विचारला आणि तिला तीन वेगळी उत्तरं मिळाली. प्रश्न साधा होता. एका जर्नलच्या चालू वर्षाच्या अंकातला लेख हवा आहे, मिळेल का?

सोमवारी सकाळी संदर्भ टेबलावर असलेल्या सहकाऱ्याने सांगितलं, "हो, आपल्याकडे आहे. घरूनही उघडेल, नेहमीच्या लिंकवरून जा." तिने घरी गेल्यावर प्रयत्न केला, पान उघडलं नाही. बुधवारी संध्याकाळी ती परत आली. त्या पाळीतल्या ताईंनी टेबलाच्या काचेखालचा कागद पाहिला आणि सांगितलं, "या जर्नलला वर्षभराचा एम्बार्गो आहे, नवे अंक आपल्याला दिसत नाहीत." शनिवारी टेबलावर अर्धवेळ काम करणारा मुलगा होता. त्याने ओपॅकमध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत, शोधलं, चालू अंक दिसला नाही, म्हणून तिच्याकडून आंतरग्रंथालयीन देवघेवीचा अर्ज भरून घेतला. लेख नऊ दिवसांनी दुसऱ्या ग्रंथालयातून आला. तोवर तिच्या प्रबंधाच्या प्रकरणाचा मसुदा त्या लेखाशिवाय मार्गदर्शकांकडे गेला होता.

हा लेख पहिल्या दिवसापासून आमच्याकडे उपलब्ध होता.

मला हे कळलं ते आलेल्या लेखाची नोंद सही करायला माझ्यासमोर आली तेव्हा. जर्नलचं नाव वाचलं आणि हात थांबला. याची वर्गणी आपण भरतो, मग हा लेख बाहेरून का मागवला? मी संदर्भ विभागाचं काम पाहते. टेबलावर बसणाऱ्या सहा जणांना काय माहीत असावं, हे पाहणं माझंच काम आहे. म्हणून हे प्रकरण मी पहिल्यापासून तपासायचं ठरवलं, आणि ज्या क्रमाने उलगडत गेलं त्याच क्रमाने इथे मांडते आहे.

आधी नेमकं काय बदललं होतं ते सांगायला हवं. हे जर्नल आम्हाला पूर्वी एका मोठ्या डेटाबेसमधून मिळायचं. असे डेटाबेस अनेक प्रकाशकांची नियतकालिकं एकत्र करून देतात, पण बरेच प्रकाशक त्यांना ताजे अंक लगेच देत नाहीत. अंक निघाल्यावर काही महिन्यांनी, पुष्कळदा वर्षाने, तो तिथे पूर्ण वाचायला मिळतो. यालाच टेबलावर आम्ही एम्बार्गो म्हणतो. जानेवारीपासून ग्रंथालयाने प्रकाशकाचं स्वतःचं पॅकेज घेतलं. त्यामुळे एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या. जर्नल वेगळ्या ठिकाणी गेलं. चालू अंक दिसायला लागले. आणि बाहेरून वाचायची पद्धत बदलली. पूर्वी घरून वाचायचं तर विनंती आमच्या प्रॉक्सी सर्व्हरमधून, म्हणजे महाविद्यालयाच्या मध्यस्थ संगणकातून, जायची आणि प्रकाशकाच्या दृष्टीने वाचक महाविद्यालयाच्या आयपी पत्त्यावरूनच, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावरूनच, आलेला असायचा. आता वाचकाने प्रकाशकाच्या साइटवर जायचं, संस्थांच्या यादीतून आपलं महाविद्यालय निवडायचं आणि महाविद्यालयाच्या ईमेलचा पासवर्ड टाकायचा.

आता त्या तीन उत्तरांकडे परत पाहू. सोमवारच्या सहकाऱ्याने बदलाची मेल वाचली होती. जर्नलचे चालू अंक मिळतात हे त्याला माहीत होतं, लॉगिन बदललं हे माहीत नव्हतं. बुधवारच्या ताईंचा कागद एके काळी अचूक होता. तो मीच दोन वर्षांपूर्वी टाइप करून काचेखाली सरकवला होता. शनिवारचा मुलगा मेलच्या यादीतच नव्हता, कारण ती यादी कायम कर्मचाऱ्यांची होती. त्याने प्रशिक्षणात शिकवलं होतं तेच केलं. आपल्याकडे सापडलं नाही तर वाचकाला रिकाम्या हाती परत पाठवू नये, अर्ज भरून घ्यावा. ओपॅकमधली लिंक अजून जुन्या डेटाबेसकडे जात होती, हा त्याचा दोष नव्हता. तिघेही आपापल्या माहितीशी प्रामाणिक होते. म्हणूनच मला हे प्रकरण गंभीर वाटलं. टंगळमंगळ करणाऱ्याला समज देता येते. मन लावून काम करणारी तीन माणसं एका वाचकाला तीन दिशांना पाठवतात, तेव्हा दोष माणसांच्या पलीकडे शोधावा लागतो.

मी ती मेल पुन्हा काढून वाचली. खरेदी विभागाने एका शुक्रवारी दुपारी पाठवलेली. विषय होता "वर्गणी नूतनीकरणाबाबत". आत सात मुद्दे. आमच्या जर्नलचा उल्लेख पाचव्या मुद्द्यात, तोही पॅकेजच्या नावाखाली, जर्नलचं नाव जोडलेल्या यादीत. लॉगिनबद्दलचं वाक्य सातव्या मुद्द्याच्या शेवटी. मेलमध्ये एकही चूक नव्हती. खरेदीच्या दृष्टीने ती पूर्ण होती: काय घेतलं, किती काळासाठी, कोणत्या अटींवर. पण टेबलावर उभी असलेली मुलगी पॅकेजचं नाव सांगत नाही. ती विचारते, "हा लेख मिळेल का?" त्या प्रश्नापासून त्या मेलपर्यंत जायला वाट नव्हती. आणि ती मेल मीही वाचली होती. वाचून, "सगळ्यांना गेली आहे" एवढं पाहून मी पुढच्या कामाला लागले होते. माझी चूक ही, आणि ती मी विभागाच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितली.

त्या बैठकीत आम्ही एक गोष्ट केली, जी मी कोणत्याही ग्रंथालयाला आधी करायला सांगेन. एका संदर्भ सहायकाला एखादा नियम किंवा एखाद्या साधनाची स्थिती पाहायची असेल, तर तो कुठे कुठे पाहील, याची यादी केली. मेल. मोबाइलवरचा ग्रुप. परिपत्रकांची फाइल. काचेखालचे कागद. पाळी बदलताना लिहायची वही. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरचं मदत पान. आणि सातवं, सगळ्यात जास्त वापरलं जाणारं ठिकाण: "मॅडमना विचारा." या सातपैकी चार ठिकाणी आमच्या जर्नलबद्दल काही ना काही होतं, आणि त्या चार ठिकाणचं एकमेकांशी जुळत नव्हतं. मॅडम म्हणजे मी, संध्याकाळी आणि शनिवारी नसतेच.

पहिला उपाय चुकला. तो का चुकला हे सांगितल्याशिवाय दुसरा समजणार नाही.

आम्ही सगळी माहिती एका सामायिक विकीवर, म्हणजे सगळ्यांना उघडता आणि बदलता येतील अशा वेब पानांवर, आणली. प्रत्येक डेटाबेसचं पान, प्रत्येक नियमाचं पान, नीट अनुक्रमणिका. तीन आठवडे खपून केलं. महिनाभराने पाहिलं तर पानं उघडणारे दोघेच होते, आणि त्यातली एक मी. नाराज होऊन मी ताईंना विचारलं, तर त्यांनी अगदी सरळ सांगितलं, "मॅडम, समोर माणूस उभा असतो. मी पान शोधत बसले तर त्याला वाटतं हिला काही येत नाही. कागदावर नजर टाकली की उत्तर मिळतं." त्यांचं म्हणणं मला आधी पटलं नाही. मग मी एक संध्याकाळ त्यांच्या शेजारी बसले. टेबलावरचा प्रश्न मिनिटा-दोन मिनिटांचा असतो. त्यात वाचकाकडे पाहायचं असतं, त्याला खरं काय हवं आहे ते काढून घ्यायचं असतं, आणि मागे रांग असते. त्या अवधीत जे हाताशी असेल तेच खरं. काचेखालचा कागद जुना असूनही टिकला, कारण तो योग्य जागी होता. विकी ताजी असूनही चुकीच्या जागी होती.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती आणि ती मला उशिरा उमगली. विकीवर आम्ही नवं लिहिलं, पण जुनं कुठूनच काढलं नाही. कागद काचेखाली तसाच राहिला, संकेतस्थळावरचं मदत पान तसंच, ओपॅकमधली लिंकही तशीच. आम्ही सात जागांना आठवी जोडली होती. नवं कळवणं तुलनेने सोपं असतं. जुनं निपटून काढणं अवघड, कारण ते कुठे कुठे रुजलं आहे याची नोंद कोणी ठेवत नाही. ज्याला काहीच माहीत नसतं तो निदान "थांबा, विचारून सांगते" म्हणतो. ज्याच्याकडे जुनी माहिती असते तो ठामपणे चुकीचं सांगतो, आणि वाचक त्या ठामपणावर विश्वास ठेवून निघून जातो. बुधवारी हेच झालं होतं.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेले ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत आपण सगळे शिकलो. चौथा, वाचकाचा वेळ वाचवा, या प्रकरणात कुठे मोडला ते उघड आहे. मला मात्र या तपासात पाचवा सिद्धांत नव्याने कळला. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हे वाक्य आपण इमारत वाढते, ग्रंथ वाढतात, वाचक वाढतात अशा अर्थाने पाठ करतो. रंगनाथनांच्या विवेचनात वाढत्या जिवाचं लक्षण म्हणून नवं आत घेण्याबरोबर जुनं टाकून देणंही येतं. ग्रंथांच्या बाबतीत आम्ही ते करतो, जीर्ण आणि कालबाह्य प्रती निर्लेखित करतो. आमच्याच सूचनांच्या बाबतीत कधी केलं नव्हतं.

मग दुसरा उपाय उभा राहिला. टेबलावरच्या संगणकावर ब्राउझर उघडला की पहिलं पान म्हणून एकच लहान पान येतं. त्यावर गेल्या काही आठवड्यांत बदललेल्या गोष्टी असतात, स्क्रोल न करता दिसतील इतक्याच. विकी मागे आहे, सविस्तर माहितीसाठी. पण प्रत्येक नोंदीचं शीर्षक वाचकाच्या तोंडचा प्रश्न असला पाहिजे, असा नियम केला. या जर्नलची नोंद आता अशी आहे: "'अमुक जर्नलचा नवा अंक मिळेल का?' हो, जानेवारीपासून चालू अंकासह. घरून वाचायचं तर प्रकाशकाच्या साइटवर महाविद्यालयाचं नाव निवडून ईमेलचा पासवर्ड टाकायचा. जुनी लिंक चालत नाही. कारण: आता वर्गणी थेट प्रकाशकाकडे आहे. रद्द झालं: वर्षभराच्या एम्बार्गोची सूचना." खाली लिहिणाऱ्याचं नाव आणि नोंद पुन्हा तपासायची तारीख.

यातली "रद्द झालं" ही ओळ सक्तीची आहे. नवी नोंद लिहिणाऱ्याने जुनी माहिती कुठे कुठे आहे ते शोधायचं आणि स्वतः जाऊन काढायची. कागद असेल तर फाडायचा, मदत पान असेल तर दुरुस्त करायचं, ओपॅकची लिंक असेल तर तांत्रिक विभागाकडून बदलून घ्यायची आणि बदलली हे उघडून पाहायचं. हे काम कंटाळवाणं आहे. पहिल्या महिन्यात एका नोंदीला अर्धा तास लागायचा. पण त्यातला बहुतेक वेळ जुनं शोधण्यात जायचा, आणि जसजसं जुनं कमी होत गेलं तसतसा तो वेळही कमी झाला.

"कारण" ही ओळ मी सुरुवातीला ठेवली नव्हती. ती आली दुसऱ्या एका घटनेमुळे. याच काळात बाहेरचे एक संशोधक ग्रंथालयात आले, त्यांना एका डेटाबेसमध्ये दोन लेख पाहायचे होते. टेबलावरून त्यांना नम्रपणे नकार मिळाला: "सभासदांनाच परवानगी आहे." तो नियम पुस्तकं घरी नेण्याचा होता. त्या डेटाबेसच्या करारात ग्रंथालयात येऊन बसणाऱ्या पाहुण्या वाचकाला आमच्या संगणकावर वाचायची स्पष्ट मुभा होती. अशी तरतूद अनेक करारांत असते. सहकाऱ्याने नियम मोडला नव्हता, एका नियमाचं कारण माहीत नसल्याने तो दुसऱ्या गोष्टीला लावला होता. पुस्तक बाहेर गेलं तर परत येण्याची हमी हवी, म्हणून सभासदत्व. पडद्यावर वाचलेल्या लेखाला ती भीती नाही. एवढं एक वाक्य नियमाशेजारी असतं तर ते संशोधक परत गेले नसते. मागच्या दाराने सवलत द्यायची नसते, पण नियम कुठे संपतो हे टेबलावरच्या माणसाला कळलंच पाहिजे.

ई-पुस्तकांचंही तसंच. काही पुस्तकं एका वेळी एकाच वाचकाला उघडता येतात, काही तिघांना, काहींना मर्यादा नाही. परीक्षेच्या आधी "पुस्तक उघडत नाही" अशी तक्रार आली की पूर्वी आम्ही ती तांत्रिक विभागाकडे ढकलायचो. आता नोंदीत लिहिलेलं असतं: एकाच वाचकाचा परवाना, दुसऱ्याने बंद केलं की उघडेल. विद्यार्थी तेवढ्याने शांत होतो.

खरेदी विभागाशी बोलणं मला अवघड जाईल असं वाटलं होतं. त्यांच्याकडेही कामाचा डोंगर असतो, आणि "तुमची मेल वाईट आहे" असं म्हणून कोणाचं सहकार्य मिळत नाही. मी ती तीन उत्तरं आणि तो नऊ दिवसांनी आलेला लेख त्यांच्यासमोर ठेवला. तिथल्या सरांनी स्वतःच सुचवलं की नूतनीकरणाच्या त्यांच्या तपासणी-यादीत शेवटची एक ओळ घालावी: "टेबलासाठी नोंद लिहिली का?" ती ओळ भरल्याशिवाय फाइल बंद होत नाही. नोंद ते एकटे लिहीत नाहीत. वाचकाला काय दिसेल ते माझ्या विभागातला एक जण त्यांच्या शेजारी बसून, वाचकाच्याच लॉगिनने उघडून पाहतो. लॉगिन बदलल्याची भानगड अशा उघडून पाहण्यातूनच आधी लक्षात आली असती.

राहिला प्रश्न हे पोहोचतं की नाही ते कसं ओळखायचं. पीटर हर्नन आणि चार्ल्स मॅक्लुअर या अमेरिकी अभ्यासकांनी १९८६ साली '५५ टक्क्यां'चा नियम मांडला. ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांना न सांगता, साध्या वाचकासारखं जाऊन माहितीचे प्रश्न विचारले, तर साधारण ५५ टक्के प्रश्नांचीच उत्तरं बरोबर येतात, असं अशा चाचण्यांतून दिसलं होतं. त्या आकड्यावर पुढे बराच वाद झाला, टेबलावरचं काम फक्त बरोबर-चूक उत्तरात मोजता येत नाही असाही आक्षेप आला, आणि मला तो रास्त वाटतो. तरी आमच्याकडेही अशी गुपचूप चाचणी घ्यावी असा विचार माझ्या मनात आला होता. एका सहकाऱ्याने बैठकीत ठाम विरोध केला. तो म्हणाला, समोरचा प्रत्येक वाचक परीक्षक असू शकतो असं वाटायला लागलं तर मी "मला माहीत नाही" म्हणायचंच सोडून देईन. ते ऐकून मी तो विचार सोडला. चुकीचं ठाम उत्तर हाच तर आमचा मूळ आजार होता, त्यात भर घालणारं औषध कशाला घ्यायचं?

त्याऐवजी दर शुक्रवारी पाळी बदलताना दहा मिनिटं ठेवली. त्या आठवड्यात बदललेल्या गोष्टींतला एक प्रश्न, वाचक विचारेल तसा. सगळे टेबलावरचं पान वापरून उत्तर देतात. दोघांची उत्तरं वेगळी आली तर नोंद पुन्हा लिहायची. माणसाला कोणी काही म्हणायचं नाही. पहिल्या काही शुक्रवारी जवळपास प्रत्येक नोंद पुन्हा लिहावी लागली. "लवकरच", "सध्या", "शक्यतो" असे शब्द आम्ही किती सहज वापरतो आणि प्रत्येकाला त्यातून किती वेगळं समजतं, हे तेव्हा कळलं.

अर्धवेळ मुलांसाठी मात्र भांडावं लागलं. त्यांची पाळी नेमकी वाचक आत येतात तेव्हाच सुरू व्हायची. वाचायला वेळ नाही तर पान कितीही चांगलं असलं तरी उपयोग काय? त्यांची पाळी दहा मिनिटं आधी सुरू व्हावी आणि ती दहा मिनिटं कामाच्या वेळेत धरली जावीत, यासाठी मी ग्रंथपालांकडे तीनदा गेले. दोनदा नकार आला. तिसऱ्यांदा मी शनिवारच्या मुलाला बरोबर नेलं आणि त्यालाच सांगू दिलं की त्या दिवशी त्याला काय माहीत होतं आणि काय नव्हतं. परवानगी मिळाली. मेलच्या यादीतही त्यांची नावं आली, ते तर एका फोनचं काम होतं आणि कितीतरी वर्षं राहून गेलं होतं.

सगळं सुटलेलं नाही. मोठे डेटाबेस वर्षाच्या मधेच काही नियतकालिकं घेतात, काही सोडतात. त्यांच्या बदलाच्या याद्या लांबलचक असतात आणि सगळ्या वाचणं आम्हाला जमत नाही. आम्ही इतकंच करतो की टेबलावर वारंवार मागितल्या जाणाऱ्या नियतकालिकांची आमची छोटी यादी त्यांच्या यादीशी ताडून पाहतो. त्यातून काही निसटतं. निसटलेलं वाचकाकडूनच कळतं, तेव्हा त्याची क्षमा मागतो, लेख दुसरीकडून मिळवून देतो आणि त्याच दिवशी नोंद करतो.

त्या विद्यार्थिनीला मी स्वतः भेटले. काय झालं ते लपवलं नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की पुढचा अंकही घरून दिसेल का. मी तिच्यासमोर संगणकावर तिचंच लॉगिन वापरून उघडून दाखवला.

परवा संध्याकाळी उशिरा ताईंचा फोन आला. "मॅडम, जुन्या प्रश्नपत्रिकांची नोंद चुकली आहे. त्या आता पहिल्या मजल्यावर नाहीत, खाली आणल्यात. मी रद्द करून टाकली. नवी मी लिहू की तुम्ही?" मी म्हटलं, तुम्हीच लिहा. पाच मिनिटांनी घरून पान उघडून पाहिलं, तर शीर्षक होतं, "मागच्या वर्षीचे पेपर कुठे ठेवलेत?"